गृहसंस्थेतील सहजीवन – लेखांक सातवा : चेअरमनची दंडेली

गेल्या आठवड्यात मासिक आकारणीचा विचार केला, त्यावर आलेल्या वाचकांच्या पत्रांत आकड्यांपेक्षा एका माणसाचेच वर्णन अधिक होते. इमारत निराळी, गाव निराळे, परंतु माणूस तोच: वर्षानुवर्षे चेअरमनच्या खुर्चीवर बसलेला, वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सर्वांना एकाच सुरात फर्मावणारा, आणि प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला भर सभेत ‘आधी तुमची थकबाकी भरा’ असे म्हणून खाली बसविणारा. अशा गृहस्थाशी कसे वागावे, हा प्रश्न लोक किरकोळ समजतात. मला तो तसा वाटत नाही. कारण जन्माची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज ज्या चार भिंतींत गुंतले, त्याच इमारतीचा जिना उतरताना एखाद्या एकट्या स्त्रीला वा वृद्धाला भय वाटावे, ही गोष्ट आपल्या नागरी जीवनाला लांछनास्पद आहे.

1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने स्थापन झाली, तेव्हा घरमालकाच्या मर्जीवर दिवस काढणाऱ्या भाडेकरूंनी एकत्र येऊन आपणच आपले मालक व्हावे, हा त्यामागचा हेतू होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 हाही त्याच तत्त्वावर उभा आहे: संस्थेतील अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेची, दैनंदिन कारभार व्यवस्थापक समितीचा, आणि चेअरमन हा त्या समितीने आपल्यातून निवडलेला एक सभासद. समान मते पडली असता निर्णायक मत देण्याचा अधिकार त्याला आहे. समितीला वगळून एकट्याच्या हुकमाने इमारत चालविण्याचा नाही. जुना घरमालक गेला आणि त्याच्या जागी आपल्याच मतांनी दुसरा बसविला, असे ज्या संस्थेत झाले, तेथे सहकाराचा मूळ हेतूच विफल झाला असे म्हटले पाहिजे.

ही दंडेली आवाजाच्या बळावर चालते असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक ती बंद दप्तराच्या बळावर चालते. वार्षिक सभेचेच दृश्य पाहा. तळमजल्यावर गाड्या हलवून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, दाराशी उपस्थितीच्या वहीत सह्या घेतल्या जातात, माईक एकाच्याच हातात असतो, आणि रंगकामाच्या कंत्राटाचा विषय शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयां’त, वेफर्स आणि चहा फिरू लागल्यावर निघतो. कोणी ‘तीन दरपत्रके मागविली होती का?’ असे विचारतो, त्याचा प्रश्न खुर्च्यांच्या आवाजात विरून जातो. आणि काही आठवड्यांनी इतिवृत्त पाहावे तो ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद, खाली सूचक व अनुमोदक म्हणून सभा अर्धी टाकून गेलेल्या दोघांची नावे! उपस्थितीची सही ही संमतीची सही नव्हे. परंतु इतिवृत्त कोणी वाचतच नाही, म्हणून ती तशी खपून जाते.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे दप्तर उघडणे. उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि समितीच्याही सभांची इतिवृत्ते पाहण्याचा, तसेच नक्कल फी भरून त्यांच्या प्रती मागण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक सभासदाला दिला आहे. अर्ज सेक्रेटरीच्या नावे, संयत भाषेत, एका वेळी एकाच विषयाचा असावा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री अकरा वाजता लिहिलेल्या दहा संतप्त मजकुरांनी जे साधत नाही, ते पोच असलेल्या एका अर्जाने साधते. कारण पुढे उपनिबंधकांच्या कार्यालयात अथवा सहकार न्यायालयात मजकुराचा आवेश नव्हे, कागद विचारला जातो.

लोक गप्प का बसतात, याचाही सहानुभूतीने विचार केला पाहिजे. उद्या घर विकायचे झाले तर ना हरकत दाखला अडवील, भाडेकरू ठेवला तर वाटेल तो आकार लावील, हे भय असते. यातील बरेचसे भय अज्ञानावर पोसलेले आहे. आदर्श उपविधीप्रमाणे भाग हस्तांतरासाठी संस्थेचा ना हरकत दाखला आवश्यकच नाही. हस्तांतराचे अधिमूल्य महानगरपालिकेच्या हद्दीतही 25,000 रुपयांपलीकडे जाऊ शकत नाही. आणि भाडेकरूमुळे लागणारा बिनभोगवटा आकार सेवा आकाराच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. थकबाकी वसुलीलाही निबंधकाकडून वसुली दाखला मिळविण्याचा रीतसर मार्ग आहे; सभासदाच्या नळाचे पाणी तोडणे हा तो मार्ग नव्हे.

मात्र रागाच्या भरात मेंटेनन्स बंद करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला सभासद एकदा थकबाकीदारांच्या यादीत गेला की त्याचे बोलणे कोणी ऐकत नाही, आणि समितीवर निवडून येण्याची त्याची पात्रताही जाते. आकारणी चुकीची वाटली, तर लेखी हरकत नोंदवून रक्कम भरावी.

दुसरी गोष्ट, एकट्याने लढू नये. संस्थेच्या एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलाविणे समितीवर बंधनकारक आहे. चाळीस घरांच्या इमारतीत ही संख्या अवघी आठ होते. खुद्द समितीतील एकतृतीयांश सदस्य निबंधकाकडे अविश्वासाच्या ठरावाची मागणी करू शकतात, आणि त्या सभेचे अध्यक्षस्थान चेअरमनकडे राहत नाही. हे आठजण मिळविण्यासाठी दारोदार जावे लागते, पहिल्या दोन दारांवर ‘आमचे नाव नको’ हे ऐकून घ्यावे लागते, तरी जावे. शिवीगाळ किंवा अंगावर धावून येण्याचा प्रकार घडला, तर तो संस्थेचा विषय राहत नाही. त्याची तक्रार विनाविलंब पोलीस ठाण्यातच केली पाहिजे.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. पाण्याचा टँकर, लिफ्टचा करार, गळणारी गच्ची यांचा विनावेतन भार वाहण्यास कोणीच पुढे येत नाही, म्हणून अनेक ठिकाणी एकच माणूस अनेक वर्षे राबतो, आणि हळूहळू इमारत स्वतःची समजू लागतो. त्याच्या श्रमांची जाहीर कदर करावी आणि त्याच सभेत त्याच्याकडे हिशेबही मागावा; या दोहोंत विरोध नाही. समितीची मुदत पाच वर्षांची असते. ज्यांना हा कारभार असह्य वाटतो, त्यांनी पुढच्या निवडणुकीत स्वतः अर्ज भरला पाहिजे. दुसऱ्या कोणी तरी उभे राहावे अशी अपेक्षा करणाऱ्या सभासदाची कड मला घेता येत नाही.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घेणे संस्थेवर बंधनकारक असून, तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी मिळाली पाहिजे. ती हाती येताच गेल्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागणारा अर्ज वाचकांनी अवश्य द्यावा. निवडणुकीच्या कार्यपद्धतीचा विचार पुढील लेखांकात करू.