शंभर नको, शून्यही नको!

मुलांनो, यंदा जूनमध्ये शाळा उघडली आणि तुमच्या बाईंची चांगलीच फजिती झाली. सुटी लागायच्या दिवशी वर्गातल्या टॅबची बॅटरी पार संपली होती. ‘आता दीड महिना कोण वापरणार? आल्यावर करू चार्ज,’ असं म्हणून मी तो तसाच कपाटात ठेवला. वर पत्रा आणि बाहेर मे महिन्याचं ऊन! सुटीनंतर चार्जर लावला, तर टॅब ढिम्म. दुसरीची पोरं डोळे लावून बसलेली. शेवटी बॅटरीच बदलावी लागली.

असं का झालं? मोबाइल, टॅब, लॅपटॉप या सगळ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. १९९१ साली सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली. तिच्यासाठी झटलेल्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा गुडइनफ आजोबा ९७ वर्षांचे होते, बरं का!

या बॅटरीच्या पोटात दोन घरं असतात. एक ग्राफाइटचं, म्हणजे आपल्या पेन्सिलीच्या शिशात असतं त्याचं. दुसरं धातूच्या ऑक्साइडचं. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. आपण खेळ खेळायला लागलो की ते परत निघतात. या जा-येमध्ये थोडे आयन ग्राफाइटवरच्या पातळ थरात अडकतात, ते कायमचेच. म्हणून बॅटरी हळूहळू म्हातारी होते. उष्णता वाढली की हे अडकणं वेगाने होतं. बॅटरी शंभर टक्के भरून तशीच ठेवली तरीही तिच्यावर ताण येतो. खच्चून भरलेल्या एसटीसारखी गत!

आणि अगदी रिकामी ठेवली तर? बंद यंत्रही थोडी थोडी वीज खातच असतं. व्होल्टेज फार खाली गेलं की आतलं तांबं विरघळू लागतं. अशी बॅटरी चार्ज करणं धोक्याचं, म्हणून तिचं संरक्षक सर्किट दारच बंद करतं. आमच्या टॅबचं तेच झालं.

‘पूर्ण संपू दे, मगच लाव,’ असं बाबा सांगत असतील, तर त्यांच्यावर हसू नका. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीला ते लागू होतं. हिला मात्र साधारण २० ते ८० टक्क्यांमध्ये ठेवलेलं मानवतं. प्रवासाला निघताना शंभर केली तर बिघडत नाही. रोज रात्रभर नको, आणि उशीखाली तर मुळीच नको. चार्जिंग चालू असताना गेम खेळलात की फोन तापतो. तापलाच तर जाड कव्हर काढा. उन्हातली खिडकी, स्कूटरची डिकी या त्याच्या जागा नव्हेत.

बॅटरी फुगलेली दिसली, तर टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. लगेच मोठ्या माणसांना सांगा. ती कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

आमचा टॅब आता नव्या बॅटरीवर चालतोय. दिवाळीच्या सुटीत तो निम्मा चार्ज करून, बंद करून, माझ्या घरच्या थंड खोलीत राहणार आहे. शाळा सुटताना ‘पन्नास झाले का?’ हे बघायचं काम पहिल्या बाकावरच्या मुलीने आत्ताच मागून घेतलंय.