ऱ्हाईनवर स्वतःची बोट: निळी पाटी, काउबचा आकडा आणि पटकन थांबू न शकणारी जहाजं

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

मागच्या भागात आपण मोझेल नदीवरच्या बोटिंगबद्दल बोललो आणि त्यानंतर ड्युसेलडॉर्फहून एका श्रोत्यांचा ईमेल आला. मित्राची सात मीटरची केबिन-बोट आहे, छोटं डिझेल इंजिन, ट्रेलरवरून नेता येते. परवाना आहे. सोबत बायको आणि दोन मुलं. ते विचारतात, "कोब्लेंझहून निघून लोरेलाय बघत बिंगेनपर्यंत जायचंय. मोझेलवर जमलं, म्हणजे ऱ्हाईनवर जमेल ना?"

जमेल. पण दिशा उलटी करा. बोट ट्रेलरवर आहे ना, मग ती बिंगेनला पाण्यात सोडा आणि कोब्लेंझकडे उतरा. का, ते आधी हिशोबानेच बघू.

मोझेलवर धरणं आणि लॉक आहेत, म्हणजे पाणी पायरीपायरीने अडवलेलं आहे, त्यामुळे एरवी ते संथ असतं. ऱ्हाईनवर शेवटचं लॉक इफेझहाईमला. तिथून खाली थेट समुद्रापर्यंत मुख्य जलमार्गावर एकही लॉक नाही. नदी मोकळी वाहते. बिंगेन ते कोब्लेंझ या घळीत डोंगरांनी तिला दोन्हीकडून आवळलंय, म्हणून साधारण पाणी असताना प्रवाह ताशी सहा किलोमीटरच्या आसपास धरून चाला, अरुंद जागी त्याहून जास्त. तुमची बोट स्थिर पाण्यात ताशी बारा जाते असं समजू. वर चढताना उरले सहा, खाली उतरताना झाले अठरा. अंतर साधारण बासष्ट किलोमीटर. म्हणजे चढायला दहा तासांहून जास्त, उतरायला साडेतीन. डिझेलही तिप्पट लागणार, ते सोडा. दहा तास मागून-पुढून मालवाहू जहाजं येत असताना मुलांना घेऊन त्या घळीत सुकाणू धरून बसायचं, ही सहल नाही, ती ड्युटी झाली.

आता ही नदी मुळात काय आहे ते समजून घ्यायला हवं. फोटोत आपल्याला किल्ले दिसतात, द्राक्षांचे मळे दिसतात. कामाच्या दृष्टीने बघितलं तर तो युरोपातला सगळ्यात गजबजलेला माल-रस्ता आहे. रॉटरडॅमहून खनिज आणि कोळसा वर येतो, रसायनं, तेल, कंटेनर, वाळू, धान्य. १८६८ साली मॅनहाईमचा करार झाला आणि त्यात या नदीवर जलवाहतूक मोकळी, जकातमुक्त राहील असं ठरलं. त्याआधी शतकानुशतकं इथे काठाकाठाला जकातनाके होते. काउबसमोर नदीच्या मधोमध दगडी जहाजासारखा दिसणारा जो किल्ला आहे, फाल्ट्सग्राफेनश्टाइन, तो मुळात जकात वसूल करायलाच बांधलेला. आज तुम्ही त्याच्या बाजूने फुकट जाता. आणि या नदीचा कारभार बघणारा जो आयोग आहे, मुख्यालय स्ट्रासबुर्गला, त्याची मुळं १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये आहेत.

म्हणजे नदीवर जायचा हक्क तुम्हाला आहे. वाट मागायचा हक्क मात्र नाही. नियमात वीस मीटरपेक्षा छोट्या बोटींचा वेगळा वर्ग आहे आणि त्यांनी मोठ्या जहाजांना त्यांची दिशा ठेवायला आणि वळायला पुरेशी जागा सोडायची असते. "त्याने माझ्यासाठी बाजूला व्हावं" अशी अपेक्षाच धरता येत नाही. समुद्रावर बोट चालवलेल्या लोकांना हे जड जातं, कारण तिथे उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची सवय असते. गोव्यात मांडवीवर खनिजाच्या बार्जमधून वाट काढणारी होडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना चटकन कळेल. होडीवाला बार्जशी नियमांवर वाद घालत नाही.

हा नियम इतका एकतर्फी का, तर त्याला कारण आहे. आजचं नेहमीचं मोठं मालवाहू जहाज ११० मीटर लांब आणि सव्वाअकरा-साडेअकरा मीटर रुंद असतं. १३५ मीटरचीही असतात. त्यांच्या तांत्रिक नियमांत थांबण्याचं अंतर दिलंय. उतरत्या दिशेने, वाहत्या पाण्यात, ११० मीटरपर्यंतच्या जहाजाने ४८० मीटरच्या आत थांबता यायला हवं. म्हणजे चाचणीत पास झालेलं जहाजसुद्धा जवळजवळ अर्धा किलोमीटर घेणार. आणखी एक आकडा लक्षात ठेवा. मालामुळे कप्तानाच्या नजरेआड जाणारं समोरचं पाणी ३५० मीटरपर्यंत असलं तरी नियमाला चालतं. कंटेनरचे थर रचलेले असतात, चाककेबिन मागच्या टोकाला असते. तुम्ही त्याच्या समोर दोनशे मीटरवर आहात, तुम्हाला त्याची खिडकी दिसत नाहीये, म्हणजे तोही तुम्हाला बघत नाहीये. मोठ्या जहाजांना एआयएस सक्तीचं आहे, ती एकमेकांना स्क्रीनवर दिसतात. तुमच्या छोट्या बोटीवर ते बहुधा नसणार.

आता निळी पाटी. हा भाग जरा सावकाश ऐका, म्हणजे वाचा, कारण नवख्या लोकांची सगळ्यात जास्त घाबरगुंडी इथे उडते.

रस्त्यावर आपण एक बाजू धरतो. ऱ्हाईनवर चढतं जहाज ठरवतं की समोरून येणाऱ्याने कुठल्या बाजूने जायचं. त्याला प्रवाहाविरुद्ध दोन-अडीच हजार टन ओढायचे असतात, म्हणून ते वळणाच्या आतल्या बाजूचं संथ पाणी शोधतं. वळण डावीकडे असेल तर डाव्या अंगाला जातं, उजवीकडे असेल तर उजव्या. उतरत्या जहाजाला प्रवाह ढकलत असतो, त्याला बाहेरची रुंद वाट सोयीची पडते. त्यामुळे दोघांच्या बाजू वळणागणिक बदलतात.

काहीच खूण नसेल तर डाव्याला डावी, म्हणजे दोघांच्या डाव्या कडा समोरासमोर येऊन पार होतात. चढत्या जहाजाने चाककेबिनच्या उजव्या बाजूला मोठी निळी पाटी आणि तिच्या मधोमध लुकलुकणारा पांढरा दिवा दाखवला, तर उजव्याला उजवी. उतरतं जहाज तशीच पाटी दाखवून "कळलं" म्हणतं.

तुमच्या बोटीला पाटी लावायची गरज नाही, पण वाचता यायलाच हवी. समजा तुम्ही उतरताय आणि शहाण्यासारखे उजव्या काठाजवळ, लाल बोयांच्या बाजूने चाललाय. उतरताना लाल बोया उजवीकडे, हिरव्या डावीकडे. वळणातून एक जहाज चढत येतंय आणि त्याची निळी पाटी लुकलुकतेय. याचा अर्थ ते त्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे नेमकं तुम्ही आहात त्या काठाला येणार. तिथे तसंच पुढे जात राहिलात तर थोड्या वेळाने तुमच्यासमोर लोखंडाची भिंत असेल. तुम्ही लवकर, ठळकपणे, हिरव्या बोयांच्या बाजूला सरकायचं. लवकर म्हणजे पाटी दिसली की लगेच, आणि आधी मागे वळून बघून. मागून उतरतं जहाज येत असेल तर ते बघता बघता जवळ आलेलं असतं आणि वाऱ्याच्या, इंजिनच्या आवाजात ते ऐकू येत नाही. एकाला फक्त मागे बघायचं काम द्या. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं करतात.

दुसरी गोष्ट, काउबचा आकडा. जर्मनीत दुष्काळ पडला की बातम्यांमध्ये हे गाव येतं. तिथली पाणीमापक पट्टी सगळ्या वाहतुकीचं नशीब ठरवते, कारण मध्य ऱ्हाईनमधली सगळ्यात उथळ वाट तिथे आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ही पट्टी २५ सेंटिमीटरवर गेली आणि अनेकांना वाटलं की नदी घोट्याएवढी राहिली. तसं नसतं. पट्टीचं शून्य म्हणजे तळ नव्हे. काउबला पट्टीच्या आकड्यात साधारण एक मीटर बारा सेंटिमीटर मिळवले की जहाजांच्या वाटेतली खोली येते. तेव्हाही ती एक मीटर सदतीसच्या आसपास होती.

तुमची बोट पाण्याखाली ऐंशी सेंटिमीटर आहे. मग तुम्हाला काय फरक पडतो? खोलीने पडत नाही, गर्दीने पडतो. पाणी उतरलं की जहाजं अर्धी-पाव भरून चालतात, तोच माल न्यायला जास्त फेऱ्या लागतात. वाट अरुंद झालेली असते. एरवी तुम्ही बोयांच्या बाहेरून गुपचूप सरकून गेला असता, तिथे आता खडक वर आलेले असतात. म्हणजे अरुंद वाटेत जास्त जहाजं, आणि तुम्हाला पळायला कोपरा नाही. उन्हाळ्याच्या शेवटी सुट्टी काढणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

उलट टोकालाही मर्यादा आहेत. काउबला ४.६० मीटरची पहिली पूरखूण गाठली की वेगावर आणि मार्गावर बंधनं येतात, ६.४० मीटरची दुसरी ओलांडली की वाहतूक बंद. पण तुम्ही तिथवर वाटच बघू नका. बर्फ वितळून किंवा पावसाने पाणी चढत असतं तेव्हा ओंडके, फांद्या वाहून येतात आणि छोट्या बोटीचा पंखा त्यांच्यासमोर टिकत नाही. एल्विस नावाची सरकारी माहितीसेवा आहे, त्यावर रोजचा आकडा आणि अंदाज मिळतो. आठवडाभर आधीपासून बघायला लागा. आकड्याइतकीच त्याची दिशा महत्त्वाची.

लोरेलायबद्दल. गाणाऱ्या परीची दंतकथा सगळ्यांना माहीत आहे, मी सांगत बसत नाही. तो साधारण १३० मीटर उंच कडा नदीला कोपरापासून वळवतो आणि पलीकडून काय येतंय ते दिसत नाही. म्हणून ओबरवेझेल ते सेंट गोआर या टप्प्यात काठावर दिव्यांच्या पट्ट्यांचे सिग्नल आहेत. वरून काय उतरतंय, हे ते चढत्या जहाजांना सांगतात. पूर्वी तिथे झेंडे घेऊन माणसं उभी असायची, आता रडार आणि नियंत्रणकक्ष. तुम्ही उतरत असाल तर हे सिग्नल तुमच्यासाठी नाहीत आणि तुमची चाहूल त्या व्यवस्थेला लागेलच असं गृहीत धरू नका. वळणावर बोट कडेला ठेवा, वेग वाढवून कुणाला ओलांडायला जाऊ नका. जानेवारी २०११ मध्ये याच भागात सल्फ्युरिक अ‍ॅसिड घेऊन उतरणारं 'वाल्डहोफ' नावाचं टँकर-जहाज उलटलं. चारपैकी दोन खलाशी गेले, वाहतूक कित्येक आठवडे विस्कळीत झाली. ती माणसं या नदीची रोजची होती.

थांबायचं कसं, हे कोणी सांगत नाही. घळीतून उतरताना बंदराचं तोंड समोर दिसलं म्हणून तिथेच सुकाणू वळवलं, तर प्रवाह तुम्हाला खालच्या भिंतीवर नेऊन आपटतो. तोंड ओलांडून खाली जा. पुढे-मागे बघून बोटीचं नाक प्रवाहाकडे फिरवा. मग प्रवाहाविरुद्ध हळूहळू वर येत, तिरकं सरकत आत शिरा. धक्क्यालाही नाक प्रवाहाकडे ठेवूनच लागायचं. हे आधी मोझेलवर दहादा करून बघा.

आणि वाळूचा छान किनारा दिसला म्हणून बोट टेकवून मुलांना पाण्यात सोडू नका. भरलेलं जहाज जाताना काठचं पाणी आधी आत ओढून घेतं, बोट कोरडी पडते, आणि ते गेलं की सगळं पाणी लाटेसारखं परत येतं. काठावरून नदीत काढलेल्या दगडी बांधांच्या मध्ये तर फारच.

बाकीचं भराभर. ऱ्हाईनवर पाच अश्वशक्तीच्या वरच्या इंजिनाला परवाना लागतो, काही पर्यटनभागांत चालणारा तात्पुरता चार्टर-परवाना इथे चालत नाही. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १० लावून ठेवा, जहाजं त्यावरच एकमेकांशी बोलतात. मेन्झपासून कोब्लेंझपर्यंत एकही पूल नाही, त्यामुळे फेरीबोटी सतत आडव्या जातात, त्यांच्या पुढून घुसू नका. अल्कोहोलची मर्यादा दर हजारी ०.५ आहे, आणि दोन्ही काठांना वाइनची गावं आहेत, तेव्हा बाटली संध्याकाळी. नांगर साखळीसकट सोडायला तयार हवा, कप्प्यात बादलीखाली नको. प्रवाहात इंजिन बंद पडलं तर मिनिटाला शंभर मीटर सहज वाहून जाल.

तर त्या श्रोत्यांसाठी बेत असा. आठवड्याच्या मधला दिवस घ्या, सकाळी धुकं उठल्यावर बिंगेनहून निघा. पहिल्या दोन किलोमीटरात माउस टॉवर आणि बिंगेनचं जुनं खडकाळ भोक लागतं, तिथे गप्पा बंद. काउबचा किल्ला बघा, लोरेलाय पार करा आणि सेंट गोआरला मुक्काम. साडेतीन तासांचा प्रवास एका दिवसात उरकायची घाई कशाला? दुसऱ्या दिवशी बोपार्टची मोठी वळणं, तिथे निळ्या पाट्या पाठोपाठ बदलतात, आणि मग कोब्लेंझ. तिथे डावीकडून मोझेल येऊन मिळते. तिच्यात वळताना परत तेच, तोंड ओलांडून नाक प्रवाहाकडे.

पुढच्या भागात लॉकमध्ये दोर कसा धरायचा ते बघू. प्रश्न पाठवत राहा.