लेकीची वळकटी बांधताना

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण मुलांना खर्चाच्या वेळी हमखास ऐकवतो. पण मुलगा किंवा मुलगी शिकायला परगावी निघते, तेव्हा खुद्द अंथरुणाकडे कोण पाहते? फीची जुळवाजुळव होते, दाखल्यांसाठी कचेरीचे हेलपाटे होतात, लाडू-चिवड्याचे डबे भरले जातात. आणि निघायच्या आदल्या रात्री कुणाला तरी आठवते, "अगं, पण ही तिथे निजणार कशावर?" मग माळ्यावरची जी हाताला लागेल ती गादी काढायची, दोरीने आवळायची आणि गाडीच्या टपावर टाकायची. झाली तयारी!

वाचकहो, ज्या अंथरुणावर आपले लेकरू तीन-चार वर्षे रोज रात्री अंग टाकणार, त्याचा विचार एक संध्याकाळभर तरी करायला नको का?

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. आजूबाजूला गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या, तरी थोडी भातशेती राखून असलेले घर. मुलीला दापोलीच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. आजीने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची जाडजूड गोधडी काढून ठेवली आहे. वडील म्हणतात, "बाजारातून चांगली जाड गादी आणू, पोरीला काही कमी नको." आणि मुलगी हळूच आईच्या कानाशी लागते, "गोधडी नको गं, तिथल्या मुली हसतील."

तिघांचेही चुकत नाही. आजीला माया आहे, वडिलांना हौस आहे, पोरीला लाज आहे. पण तिघांनीही एक प्रश्न विचारलेला नाही. हे अंथरूण तिला एकटीला उचलता येईल का, धुता येईल का, वाळवता येईल का? घरी गादी उन्हात टाकायला भाऊ असतो, गोधडी पिळायला दोन माणसे असतात. वसतिगृहात ती एकटी असते आणि दोरी अवघी दोन हात. म्हणून वसतिगृहाच्या अंथरुणाची पहिली परीक्षा मऊपणाची नव्हे, ही आहे.

आधी खाट मोजा

गादी घेण्याआधी वसतिगृहातल्या खाटेची लांबी-रुंदी विचारून घ्या. प्रवेशाला जाल तेव्हा खिशात टेप ठेवा. कुठे खाट अडीच फुटी असते, कुठे तीन फुटी. कुठे लोखंडी पट्ट्यांची, कुठे फळीची. काही ठिकाणी गादी संस्थाच देते. अडीच फुटी खाटेवर तीन फुटी गादी टाकली तर कडेने लोंबते आणि रात्री कूस बदलताना माणूस खाली येतो.

चादरीचा हिशेबही याच मापावरून करा. समजा, गादी 72 इंच लांब, 30 इंच रुंद आणि 4 इंच जाड आहे. दोन्ही बाजूंची जाडी मिळून 8 इंच आणि खाली खोचायला दोन्हीकडे सहा-सहा, म्हणजे 12 इंच. रुंदी झाली 50 इंच, लांबी 92 इंच. बाजारात 60 इंच बाय 90 इंच अशी एकेरी चादर मिळते. ती रुंदीला भरपूर होते, पण लांबीला जेमतेम पुरते. त्यात सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून चादर शिवून घेणार असाल तर कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा आणि मगच कात्री लावा.

गादी कशाची?

कापसाची गादी आपल्या ओळखीची. ती घट्ट असते, पाठीला आधार देते, आणि दबली तर पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेता येते. भरताना कापूस समोर तोलून घ्या आणि आत जुन्या चिंध्यांची भर नाही ना, ते डोळ्यांनी पाहा. दोष तिचा एकच, ती ओल धरते आणि जड असते. म्हणून वसतिगृहासाठी कापसाची गादी पातळ भरावी आणि टाके जवळजवळ घालायला सांगावे, म्हणजे कापूस एका बाजूला गोळा होत नाही.

काथ्याची गादी कडक असते, पण तिच्यात हवा खेळते. मात्र एकदा पाण्याने भिजली की तिचा कुबट वास जाता जात नाही. फोमची गादी हलकी, मुलीला एका हाताने उचलता येते. पण स्वस्त, पोकळ फोम वर्षा-दोन वर्षांत मधोमध बसतो आणि पाठ दुखू लागते. घेताना मुठीने दाबून पाहा. मूठ थेट खाली टेकली तर ती गादी सोडून द्या. फोम कडक उन्हात तासन्‌तास ठेवू नये, तो पिवळा पडून भुगा होतो. सावलीत, वाऱ्यावर उभा करावा.

गादी कोणतीही घ्या, तिला काढता येणारी सुती खोळ हवीच. गादी धुता येत नाही, खोळ धुता येते.

कापड ओळखा

भिवंडीकरांना कापडाचे काय सांगायचे! यंत्रमागांचा खडखडाट ऐकतच इथली मुले मोठी झाली. तरीही दुकानात गेलो की आपण रंगालाच भुलतो. अंगाखालची चादर सुतीच हवी. सुती कापड घाम शोषते. पॉलिस्टर लवकर वाळते खरे, पण उकाड्यात अंगाला चिकटते.

पारख सोपी आहे. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून काढा आणि चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. नवे कोरे कापड हाताला जाड लागले म्हणून फसू नका. विणण्याआधी सुताला सायझिंगची खळ लावलेली असते. ती धुण्यात निघून गेली की कापड पातळ होते. कापड हातात चुरगाळून उजेडासमोर धरा. वीण विरळ असेल तर उजेड भसाभस आरपार येतो.

गाव पाहून पांघरूण

आता पांघरुणाकडे वळू. आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे 1968 साली, अकोल्याचे 1969 साली, परभणीचे आणि दापोलीचे 1972 साली स्थापन झाले. आपली मुले यांतल्या कुठल्याही गावी जाऊ शकतात, आणि चारी गावांची हवा काही एक नाही.

दापोलीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे जाड गोधडी एकदा धुतली की आठवडाभर वाळत नाही, तिला बुरशी धरते. अशा ठिकाणी एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ द्या. दोन थरांमध्ये हवा अडकते, तीच ऊब देते. आणि एक दोरीवर असले तर दुसरे अंगावर असते. राहुरीला डिसेंबर-जानेवारीत चांगली थंडी वाजते. तिथे सोलापुरी चादरीच्या जोडीला घोंगडी किंवा रग हवा. अकोला-परभणीच्या उन्हाळ्यात रात्रीही भिंती तापलेल्या असतात. तिथे पातळ सुती चादर पुरते. मात्र हिवाळ्यासाठी एक उबदार पांघरूण ठेवावेच.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. जड असली तरी ती टिकते. पण सोलापुरी म्हणून भलतेच काही गळ्यात पडू नये, यासाठी खात्रीच्या दुकानातून घ्या.

आणि आजीच्या गोधडीचे काय? ती द्यायचीच, पण हलकी करून. टाके उसवा, लुगड्यांचे थर वेगळे करा आणि एकीच्या दोन गोधड्या शिवा. वरून धुवट सुती कापडाची खोळ घाला. धुतलेल्या जुन्या लुगड्याइतके मऊ कापड बाजारात पैसे मोजूनही मिळत नाही. राहिला प्रश्न हसण्याचा. मुलीला एवढेच सांगा, हसायचे असेल तर मळक्या अंथरुणाला हसावे, गोधडीला नव्हे.

उशी आणि मच्छरदाणी

कुशीवर झोपणाऱ्याला उशी खांद्याच्या उंचीएवढी हवी, म्हणजे मान वाकडी होत नाही. उताण्या झोपणाऱ्याला ती पातळ लागते. तेव्हा उशी दुकानातच डोक्याखाली घेऊन पाहावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही. अभ्रे तीन द्या. डोक्याचे तेल आणि घाम सगळा अभ्र्यातच उतरतो.

मच्छरदाणीला चारी कोपऱ्यांना लांब नाड्या शिवून द्या, कारण वसतिगृहाच्या खाटेला दांड्या असतीलच असे नाही. हिवतापाचा डास रात्री चावतो, डेंग्यूचा दिवसा. म्हणून दुपारी डुलकी घ्यायची असली तरी मच्छरदाणी सोडूनच घ्यावी.

ही चूक कधीच करू नका

वसतिगृह म्हटले की ढेकूण आलेच. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ते बॅगेबरोबर, गादीबरोबर जातात. मुलगी फोनवर रडकुंडीला येते, आणि मग आपल्यातलाच एखादा बाप शेतात फवारायचे औषध बाटलीत भरून पाठवतो किंवा धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या पुडीत बांधून देतो.

वाचकहो, हात जोडून सांगतो, असे करू नका. शेतातले औषध उघड्या रानासाठी असते. ते गादीवर मारले तर रात्रभर श्वासातून आणि कातडीतून अंगात जाते. धान्यातल्या गोळ्यांना ओल लागली की विषारी वायू सुटतो. बंद खोलीत तो झोपलेल्या माणसाचा जीव घेतो, शेजारच्या खोलीतल्याचाही घेतो.

ढेकणांवर उपाय आहे तो कष्टाचा. चादरी, खोळी, अभ्रे कडकडीत पाण्यात धुवावेत. गादी झटकून तिच्या शिवणी तपासाव्यात. लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी जपून ओतावे. आणि मुख्य म्हणजे व्यवस्थापकांना सांगून सगळ्या खोल्यांची एकाच वेळी सफाई करून घ्यावी, जरूर तर जाणकार माणसाकडून फवारणी करवावी. एकाच खोलीत उपाय केला तर ढेकूण चार दिवस शेजारी पाहुणचाराला जातात आणि परत येतात.

झोप हाही अभ्यासच

"शिकायला गेली आहे, झोपायला नव्हे," असे आपण सहज बोलून जातो. पण दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत, हे आता शास्त्राने सिद्ध झाले आहे. सतरा-अठराव्या वर्षी रोज सुमारे आठ तास झोप हवी. ढेकूण चावून, पाठ दुखून किंवा थंडीने कुडकुडून ज्या मुलीची रात्र जागून जाते, ती सकाळच्या तासाला काय ऐकणार? परगावी न रुळलेली मुले शिक्षण सोडून परत येतात, त्यामागे कधीकधी असली साधी कारणेही असतात. पोरे ती बोलून दाखवत नाहीत. बापाने आधीच कर्ज काढले आहे, आता गादीचे काय सांगायचे, असे त्यांना वाटते.

या वसतिगृहांमागे मोठ्या माणसांचे कष्ट आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात 1901 साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग निघाले, आणि पुढे इतर समाजांचीही वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्याला बोर्डिंग काढले. तिथल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. गरिबाच्या पोराला परगावी पाठ टेकायला जागा मिळाली तर ते शिकते, हे त्यांनी ओळखले होते. आज अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिची चौकशी महाविद्यालयात जरूर करा.

आता वळकटी बांधू या. खोळीसकट एक गादी. एक उशी, तीन अभ्रे. तीन सुती चादरी, म्हणजे एक अंथरलेली, एक धुण्यात, एक घडीत. दोन पातळ पांघरुणे. एक मच्छरदाणी. दोरी, चिमटे आणि सुईदोरा. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यावर मुलीच्या नावाचे अक्षर दोऱ्याने काढा, म्हणजे दोरीवरून अदलाबदल होणार नाही.

आणि निघायच्या आधी दोन रात्री तिला घरीच याच अंथरुणावर निजवा. काही टोचत असेल, आखूड पडत असेल, तर ते पूर्णा गावात कळलेले बरे, दापोलीला पोचल्यावर नव्हे. सकाळी तिलाच गादी गुंडाळायला सांगा आणि अंगणापर्यंत नेऊ द्या. आजी "दे गं, मी धरते" म्हणून पुढे होईल. तिला थोडे थांबवा. पोरीला एकटीने नेता आली, की समजा, वळकटी जमली.