जुन्या ट्रॅक्टरांचे पुनरुज्जीवन

वापरातून बाद झालेला अथवा बाद होण्याच्या बेतात असलेला शेतीचा ट्रॅक्टर दुरुस्त करून पुन्हा चालता करणे, याला जुन्या ट्रॅक्टरांचे पुनरुज्जीवन असे म्हणता येईल. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत हा प्रामुख्याने छंद आहे. तेथे जुने ट्रॅक्टर मूळ रंगरूपात आणून प्रदर्शनांत मांडले जातात आणि त्यांच्या नांगरटीच्या स्पर्धाही होतात. भारतात मात्र या कामामागे मुख्यतः आर्थिक गरज असते. नवा ट्रॅक्टर घेणे म्हणजे लहान शेतकऱ्याला अनेक वर्षे हप्ते फेडणे. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे यंत्र दुरुस्त करून पेरणी, मळणी व वाहतुकीसाठी वापरणे हा त्याच्यापुढील व्यवहार्य पर्याय ठरतो.

पार्श्वभूमी

हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर १९१७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनू लागला. त्याला वेगळी चौकट, म्हणजे चासी, नव्हती. इंजिन, गिअरपेटी आणि मागील आसाची पेटी एकमेकांना बोल्टांनी जोडून तोच सांगाडा केला होता. ही रचना पुढे बहुतेक उत्पादकांनी स्वीकारली. दुसरा मोठा बदल हॅरी फर्ग्युसन यांच्या तीन-बिंदू जोडणीने झाला. अवजार ट्रॅक्टरमागे नुसते ओढले न जाता हायड्रॉलिक बाहूंनी उचलले जाऊ लागले आणि त्याचा भार मागील चाकांवर येऊन चाकांची पकड वाढली. फर्ग्युसनचा करड्या रंगाचा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार होत असे. त्याची संख्या पाच लाखांवर गेली. एडमंड हिलरी यांचे पथक जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच जातीच्या, साखळीपट्टे चढवलेल्या ट्रॅक्टरांवरून. हे ट्रॅक्टर आजही पुष्कळ ठिकाणी चालतात, याचे कारण त्यांची साधी, उघडी व समजण्यासारखी घडण हे होय.

भारतातील जुने ट्रॅक्टर

स्वातंत्र्यानंतर कांस गवताने व्यापलेल्या जमिनी लागवडीखाली आणण्यासाठी केंद्र सरकारने ट्रॅक्टरांचे दल उभारले. त्यासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्जही घेण्यात आले. देशी उत्पादन १९५९ मध्ये फरीदाबाद येथे जर्मन आयशरच्या सहकार्याने सुरू झाले. त्यानंतर चेन्नईच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसन, एस्कॉर्ट्सने फोर्ड आणि पिंजोरच्या एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे नमुने भारतात आणले. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्यासह कंपनी स्थापून बी-२७५ हा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्यातील २७५ हा आकडा महिंद्राच्या नंतरच्या मॉडेलच्या नावातही टिकून राहिला. १९७४ मध्ये आलेला स्वराज ७२४ मात्र परदेशी परवान्याशिवाय, दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या आराखड्यावरून तयार झाला होता.

या वंशावळीचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. सुटा भाग कोठला बसेल, हे तिच्यावरूनच ठरते. ब्रिटिश-अमेरिकी वंशाच्या ट्रॅक्टरांचे बोल्ट इंचाच्या आट्यांचे असतात, तर झेटरच्या घराण्यातील एचएमटीचे मेट्रिक मापाचे असतात. दिसायला सारखाच म्हणून चुकीचा बोल्ट जोर लावून फिरवला, तर बिडाच्या ठोकळ्यातील आटे कायमचे जातात. पाच-दहा रुपयांच्या बोल्टापायी मग लेथवरचे मोठे काम निघते.

इंजिनाची दुरुस्ती

ट्रॅक्टर चालू स्थितीत असेल, तर निदानाची सुरुवात धुरावरून करतात. काळा धूर हवा अपुरी किंवा डिझेल जास्त असल्याचे सांगतो. अशा वेळी इंजिन उघडण्याआधी हवेची गाळणी पाहावी, कारण जुन्या ट्रॅक्टरांत ही गाळणी तेलाच्या भांड्याची असते आणि उन्हाळी नांगरटीच्या धुळीत त्या तेलाचा चिखल होतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. दोष बहुधा पिस्टनच्या रिंगा, लायनर अथवा व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये असतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे किंवा हेड गॅस्केट फुटून सिलिंडरात पाणी उतरत आहे, असे समजावे.

वर्षानुवर्षे उघड्यावर उभे राहिलेले इंजिन अनेकदा जाम झालेले असते. अशा वेळी दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून, गिअर टाकून ते ओढण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. गंजाने धरलेल्या पिस्टनवर एकदम जोर आला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचण्यासारखे इंजिन भंगारात जाते. इंजेक्टर काढून सिलिंडरात डिझेल व ऑइलचे मिश्रण ओतणे, काही दिवस ते मुरू देणे आणि मग फ्लायव्हील पहारीने थोडे थोडे मागेपुढे करणे, ही जुन्या मिस्त्रींची पद्धत वेळखाऊ असली तरी हमखास म्हणावी अशी आहे.

डिझेल इंजिन सुरू न होण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे नळीत शिरलेली हवा. गाळणीवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू द्यायचे, तो घट्ट करायचा, मग पंपापाशी आणि शेवटी इंजेक्टरच्या नळ्यांपाशी हेच करायचे. हा क्रम उलटा करून चालत नाही. डिझेल पंपाचे अंतरंग मात्र घरच्या अंगणात उघडू नये. पंप व इंजेक्टर यांचे दाब खास यंत्रावर तपासावे लागतात. बंगळूरच्या मायको कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, तरी खेड्यापाड्यांत या पंपाला अजून ‘मायको पंप’च म्हणतात.

क्रँकशाफ्ट झिजला असेल तर तो ग्राइंडिंग करून तितक्याच जाड बेअरिंग बसवतात. ही मापे इंचाच्या सहस्रांशांत, दहा, वीस, तीस अशी चढत जातात. तिसऱ्या मापापर्यंत पोहोचलेल्या क्रँकला पुढचे आयुष्य थोडेच उरते. म्हणून खरेदीपूर्वी हे माप विचारून घ्यावे. इंजिन तापत असेल तर दोष पुष्कळदा रेडिएटरमध्ये असतो. विहिरीचे अथवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने आत क्षारांचा थर साचतो आणि पाणी फिरेनासे होते.

क्लच, पीटीओ व वीज

चासी नसल्यामुळे साधी क्लच प्लेट बदलायची म्हटली, तरी ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. दोन्ही अर्ध्या भागांना भक्कम टेकू दिल्याशिवाय हे काम हाती घेणे जिवावर बेतू शकते. प्लेटीपेक्षा मजुरीच अधिक पडते, ती यामुळे.

एकेरी क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरांत क्लच दाबताच पीटीओही इंजिनापासून सुटतो. पण मागे जोडलेल्या यंत्राचे जड चाक लगेच थांबत नाही. ते आपल्या वेगाने गिअरपेटी फिरवत राहते आणि क्लच दाबलेला असूनही ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. बांधाच्या टोकाशी हे घडले तर परिणाम गंभीर होतात. पीटीओच्या दांड्यावर एकाच दिशेने जोर पोहोचवणारी जोडणी बसवली की हा धोका टळतो.

जुन्या ब्रिटिश घडणीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. डायनमो काढून तेथे आजचा अल्टरनेटर लावताना ही जोडणी उलटवली नाही, तर त्यातील डायोड क्षणात जळतात.

सुटे भाग

चालू कंपन्यांच्या जुन्या मॉडेलांचे भाग बहुधा मिळतात. मॅसी फर्ग्युसन १०३५ सारख्या ट्रॅक्टरात चेन्नईच्या सिम्प्सनने पर्किन्सच्या परवान्याने बनवलेली इंजिने असल्याने त्यांचे मिस्त्री व भाग दोन्ही मुबलक आहेत. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिल्यानंतर त्या ट्रॅक्टरांचे मालक मात्र उरलेला साठा, भंगारातून काढलेले भाग आणि लेथवर घडवलेल्या नकला यांवर अवलंबून आहेत. नकली भाग सर्वत्र सारखेच वाईट नसतात. पाण्याच्या पंपाचा पंखा लेथवाल्याकडून करून घेता येतो, परंतु रिंगा, बेअरिंग आणि सुकाणूचे सांधे यांत काटकसर करणे धोक्याचे आहे.

सुरक्षितता

जुन्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट सहसा नसते. ओढण्याची साखळी मागील आसाच्या वर बांधली आणि ओझे अडले, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो. चालकाला सावरण्यास वेळच मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. पीटीओच्या फिरत्या दांड्यावरचे आवरण हरवलेले असते आणि धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा उपरण्याचे टोक त्यात गुंतून माणसे दगावली आहेत. दुरुस्तीत इंजिनाइतकेच प्राधान्य या पत्र्याच्या आवरणाला द्यायला हवे. व्यवहारात ते सर्वांत शेवटी आठवते. पूर्वीच्या ब्रेक लायनर व क्लच प्लेटांत ॲसबेस्टॉस वापरत असत, त्यामुळे त्यांची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

खरेदी व कागदपत्रे

नवा रंग हा खरेदीदाराचा मित्र नव्हे. ताज्या रंगाखाली फुटलेल्या ठोकळ्याचे वेल्डिंग झाकलेले असू शकते, म्हणून न रंगवलेले यंत्र पाहून घेणे श्रेयस्कर. ट्रॅक्टर शक्यतो थंड असताना सुरू करून पाहावा. येण्यापूर्वीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे शेती ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे तपासणीनंतर तिचे दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. जुन्या व्यवहारांत कर्ज फिटलेले असूनही नोंदणी पुस्तकावरील बँकेचा बोजा तसाच राहिलेला आढळतो. तो उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. इंजिन व चासी क्रमांक प्रत्यक्ष ठोकळ्यावर वाचून पुस्तकाशी ताडून पाहावेत. इंजिन बदललेले असल्यास त्याची नोंद पुस्तकात झाली आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे लागते. कारण नूतनीकरणाच्या तपासणीत क्रमांक जुळला नाही, तर दुरुस्त झालेला ट्रॅक्टरही रस्त्यावर आणता येत नाही.