नाव, पत्ता आणि घड्याळ

एका मोठ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक संगणक नांदवता येतात. त्यांना आभासी संगणक म्हणतात. अशा सगळ्यांचा कारभार पाहणारा सर्व्हर वेगळा असतो. व्हीएमवेअरचा ‘व्हीसेंटर’ हा त्यांपैकी एक. २०२० साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून तो स्वतःही आभासी संगणकाच्या रूपातच येतो.

त्याची उभारणी दोन टप्प्यांत होते. पहिल्यात हा आभासी संगणक तयार होतो, दुसऱ्यात त्यातल्या सेवा सुरू होतात. घोडे पेंड खाते ते बहुधा दुसऱ्या टप्प्यात. सकाळी कचेरी उघडायची असते. मग घाईने सगळे पुसून पुन्हा बसवले जाते आणि गाडी पुन्हा तिथेच अडते. पुन्हा बसवावे लागतेच, पण आधी कारण दूर करावे.

पहिली तपासणी डीएनएसची, म्हणजे नेटवर्कमधल्या नावपत्त्यांच्या वहीची. सर्व्हरच्या पूर्ण नावावरून आयपी पत्ता मिळाला पाहिजे आणि पत्त्यावरून तेच नाव. ही उलटी नोंद पुष्कळदा राहून जाते. पोस्टमनला घर ठाऊक, पण दारावर पाटी नाही, असा तो प्रकार.

दुसरी तपासणी घड्याळाची. यजमान संगणक आणि नवा सर्व्हर यांच्या वेळेत फरक असेल, तर सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ म्हणून नाकारले जाऊ शकते. दोघांची घड्याळे एकाच वेळ-सर्व्हरशी जुळवावीत.

तरीही अडलेच, तर लॉग वाचावा. त्यात शेवटची चूक चटकन दिसते. शोधायची ती पहिली. पुढच्या बऱ्याचशा चुका तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.