नागरिकांची मैत्री : हॅना आरेन्ट यांनी केलेले ग्रीक विचाराचे वाचन

प्राचीन ग्रीकांच्या ‘फिलिया’ या शब्दासाठी मराठीत ‘मैत्री’ हाच शब्द योजावा लागतो. तथापि पालि वाङ्मयातील ‘मेत्ता’ आणि ‘फिलिया’ यांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. मेत्ता प्राणिमात्रांविषयी असते. ती प्रतिसादाची अपेक्षा करीत नाही. फिलिया परस्पर असावी लागते. दोघांनी एकमेकांचे हित चिंतावे आणि ते दोघांनाही ज्ञात असावे, अशी ॲरिस्टॉटलची अट आहे. आपल्या ‘निकोमाखीय नीतिशास्त्र’ या ग्रंथाच्या दहा भागांपैकी आठवा व नववा हे दोन भाग त्याने या विषयासाठी दिले आहेत. तो म्हणतो, मैत्री नगरांना एकत्र बांधते. मित्रांना न्यायाची गरज उरत नाही, परंतु न्यायी माणसांना मैत्रीची गरज असतेच.

या विधानाचा राजकीय आशय हॅना आरेन्ट (१९०६–१९७५) यांनी उलगडून दाखविला. ज्यू कुळात जन्मलेल्या या जर्मन विदुषीला १९३३ साली नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागला. १९४१ मध्ये त्या अमेरिकेत पोहोचल्या. १९५४ सालच्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले की, सॉक्रेटिस संवादाच्या द्वारे अथेन्सच्या स्पर्धाग्रस्त नागरिकांना मित्र बनवू पाहत होता. जग प्रत्येकाला आपापल्या जागेवरून निराळे दिसते. मित्राशी बोलताना ते त्याच्या जागेवरून कसे दिसते, हे उमगते. अशा मैत्रीत माणसे एकसारखी होत नाहीत. भिन्न राहूनही ती सामाईक जगाची बरोबरीची भागीदार होतात.

१९५९ साली हाम्बुर्ग येथे लेसिंग पारितोषिक स्वीकारताना त्यांनी बंधुभाव आणि मैत्री यांत भेद केला. छळ सोसणाऱ्या समूहात बंधुभावाची ऊब दाटून येते. तिचे मोल त्या जाणतात. परंतु मुक्तीच्या घटकेनंतर ती टिकत नाही आणि ज्यांनी छळ सोसला नाही त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. नाझी काळात जर्मन व ज्यू मित्रांनी ‘आपण दोघेही माणसेच’ एवढेच म्हणणे त्यांना पळवाट वाटते. आपण जर्मन, आपण ज्यू आणि आपण मित्र, असे भेद न लपविता सांगण्यातच त्या काळाला उत्तर होते. एखादा वंश हीन असल्याचे विज्ञानाने जरी सिद्ध केले, तरी त्या सिद्धान्तापायी एक तरी मैत्री बळी देण्याजोगी ठरेल काय, असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे.

या परंपरेची मर्यादाही स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. ॲरिस्टॉटल गुलामाला सजीव अवजार मानतो. गुलाम म्हणून त्याच्याशी मैत्री होऊ शकत नाही, माणूस म्हणून होऊ शकते, असेही तोच लिहितो. मित्र होण्यास जो पात्र आहे तो अवजार कसा, हा प्रश्न येथे अटळ आहे. तो मात्र तेथेच थांबतो.

म्हणून मैत्री न्यायाहून श्रेष्ठ, या वचनाचा अर्थ न्याय ओलांडून मैत्रीकडे जावे असा घेता येणार नाही. ज्याला बरोबरीने बोलण्याचा हक्कच नाही त्याच्यापुढे केलेला मैत्रीचा हात ही केवळ दया होय. न्यायाने बरोबरीची जागा मिळवून द्यावी आणि त्या जागी मैत्रीने नांदावे, हाच क्रम विवेकाला धरून आहे.