अखेनातेनचा एकमेव देव

श्रोतेहो, इजिप्तमध्ये नाईल नदीच्या पूर्वतीरावर, थीब्ज आणि मेंफिस या दोन प्राचीन महानगरांच्या साधारण मध्यावर, कड्यांनी वेढलेले एक उजाड मैदान आहे. त्याला आज अमार्ना म्हणतात. सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वी एका राजाने एकाच देवासाठी येथे राजधानी वसविली, आणि त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत ती ओस पडली. ‘देव एकच’ हा विचार राजाज्ञेने रुजविण्याचा, इतिहासाला ज्ञात असलेला, हा अतिप्राचीन प्रयत्न होय. तो का फसला, हे पाहण्यासारखे आहे.

सूर्योपासना इजिप्तला नवी नव्हती. हेलिओपोलिस येथे ‘रा’ या सूर्यदेवाचे पुरातन पीठ होते आणि राजे स्वतःला ‘रा’चे पुत्र म्हणवीत. पुढे थीब्जचा अमून हा देव ‘रा’शी एकरूप होऊन अमून-रा झाला. अमून म्हणजे ‘गुप्त’. कर्नाक येथील त्याच्या मंदिरात जसजसे आत जावे तसतसा प्रकाश मंदावत जाई. मूर्ती असे काळोख्या गाभाऱ्यात, आणि तेथे प्रवेश राजाला व पुजाऱ्यांनाच. तिसरा अमेनहोतेप याच्या काळात ‘आतेन’ म्हणजे प्रत्यक्ष दिसणारे सूर्यबिंब, यालाही महत्त्व येऊ लागले होते.

त्याचा पुत्र चौथा अमेनहोतेप इ. स. पू. १३५३ च्या सुमारास गादीवर आला. कारकीर्दीच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास त्याने आपले नावच बदलले. ‘अमून संतुष्ट आहे’ अशा अर्थाचे जुने नाव टाकून त्याने ‘आतेनला हितकारक’ अशा अर्थाचे ‘अखेनातेन’ हे नाव घेतले. नव्या नगरीला ‘अखेतातेन’, म्हणजे आतेनचे क्षितिज, असे नाव देऊन तिच्या सीमा त्याने कड्यांवर लेख कोरून निश्चित केल्या. येथील मंदिरांच्या मुख्य भागांना छप्पर नव्हते. गाभाऱ्यातील मूर्तीही नव्हती. उघड्या प्रांगणात नैवेद्याच्या ओट्यांच्या रांगाच रांगा होत्या. चित्रांत आतेन हे केवळ एक बिंब असे. त्याच्या किरणांच्या टोकांना हात असत, आणि ते हात राजा व राणी नेफरतिती यांच्या नाकाशी जीवनाचे चिन्ह धरीत.

आय नावाच्या अधिकाऱ्यासाठी कोरलेल्या थडग्यात आतेनचे एक दीर्घ स्तोत्र आहे. अंड्यातील पिलाला श्वास देणारा, निरनिराळ्या देशांतील माणसांना निरनिराळे वर्ण व भाषा देणारा, परदेशांसाठी आकाशातून पाऊस पाडणारा एकमेव देव, असे त्यात आतेनचे वर्णन आहे. बायबलमधील १०४ व्या स्तोत्राशी त्याचे साम्य अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. मात्र प्रत्यक्ष संबंधाविषयी मतभेद आहेत.

पण या उपासनेला दुसरी बाजू होती. राजाने पाथरवट पाठवून मंदिरांच्या भिंतींवरील अमूनचे नाव छिन्नीने खोडविले. स्वतःच्या पित्याच्या नावातील ‘अमेन’ही सुटले नाही. काही ठिकाणी तर ‘देव’ या शब्दाचे अनेकवचनही खोडले गेले.

मग हा एकेश्वरवाद होता काय? देव एक होता हे खरे. परंतु त्याच्यापर्यंत जाण्याचा मार्गही एकच होता, आणि तो म्हणजे राजा. देवाला खऱ्या अर्थाने जाणणारा केवळ राजाच, असे ते स्तोत्र सांगते. किरणांचे हात जीवनाचे चिन्ह देत ते राजकुटुंबालाच. अधिकाऱ्यांच्या घरांतील देव्हाऱ्यांत आतेनखाली राजकुटुंबाचे चित्र असे. सामान्यांनी काय केले? अमार्नाच्या कामकरी वस्तीत बेस आणि तावेरेत या बाळंतिणींच्या व मुलांच्या रक्षक देवतांचे ताईत सापडले आहेत. विसाव्या-एकविसाव्या शतकांतील उत्खननांनी तेथील साध्या माणसांचे जीवन उजेडात आणले. त्यांच्या थडग्यांतील अस्थींवर अपुऱ्या आहाराच्या व जड श्रमाच्या खुणा आहेत, आणि कित्येकांना अकाली मृत्यू आल्याचेही दिसते. ज्यांचे मूल आजारी होते, ज्यांना मरणाची भीती होती, त्यांनी जुने देव सोडले नाहीत, यात नवल काय?

सतरा वर्षे राज्य करून अखेनातेन मृत्यू पावला. पुढे गादीवर आलेल्या बालराजाचे ‘तुतानखातेन’ हे नाव बदलून ‘तुतानखामून’ झाले आणि अमूनची पूजा पुन्हा सुरू झाली. नंतरच्या राजांनी आतेनची मंदिरे पाडली व अखेनातेनचे नाव राजवंशाच्या याद्यांतून वगळले. ज्याने देवांची नावे खोडली, त्याचेही नाव खोडले गेले. मात्र त्या मंदिरांचे चिरे होरेमहेब राजाने कर्नाकच्या प्रचंड द्वारांत भर म्हणून घातले. लपविलेले ते हजारो चिरे त्यामुळेच सुरक्षित राहिले, आणि त्यांवरची चित्रे आज आपण पाहू शकतो.

ज्यू लोकांची एकेश्वरनिष्ठा राज्य गेले, मंदिर पडले तरी टिकली, कारण ती घराघरांत जपली जात होती. आतेनची उपासना राजाच्या हाती होती. राजा गेला आणि ती गेली. श्रोतेहो, गाभाऱ्याचे छप्पर काढून देवाला उजेडात आणणे राजाला साधले. त्याला प्रजेच्या घरात नेणे मात्र साधले नाही.